थंडीत पंखे लावणारी गल्ली

दाखव बघू तो फोन. चष्मा खाली राहिलाय माझा, तूच वाच. 'अत्यंत शांत परिसर, टाचणी पडली तरी ऐकू येईल.' वा! नोकरी लागली, नवं शहर, आता घर शोधायचंय, आणि साहेबांना टाचणी ऐकू आली पाहिजे. घे बाबा, घे. माझं काही म्हणणं नाही. पण जेवणं झालीत, गच्चीवर वारा बरा आहे आणि तुमच्यापैकी कुणी इतक्यात झोपेल असं दिसत नाही, तर एक गोष्ट ऐका. माझ्या साडूची आहे. तो जे बोलला आणि माझी मेहुणी जे डोळे पुसत बोलली, तेवढंच सांगणार. तिखटमीठ लावायची खोड आहे मला, तुमची काकू उठताबसता सांगत असते. यात नाही लावणार. यात लावायला जागाच नाही.

घरात आम्ही त्याला कानवाला म्हणतो. कान तपासायचं काम करतो तो. डॉक्टर नव्हे, डॉक्टर ज्याच्याकडे पाठवतात तो. एक छोटी बंद खोली असते, भिंतींना आतून जाड अस्तर, एका बाजूला काचेची खिडकी. आत पेशंटला बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक आवाज सोडायचा. 'ऐकू आला की बोट वर करा.' बोट वर झालं की आवाज आणखी बारीक. पुन्हा बोट, पुन्हा बारीक. असं करत करत एक वेळ येते, की आवाज सोडला तरी बोट हलत नाही. ती त्या कानाची हद्द. आधी उजवा कान, मग डावा. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत हा स्वतःच आत बसायचा आणि मशीन बरोबर चालतंय का ते आपल्याच कानांवर तपासायचा. वर्षानुवर्षं हेच केल्यावर काय होणार? बारीक आवाज आला रे आला, की ह्याचं बोट वर. दोन घरं पलीकडे कुकरची शिट्टी झाली तरी बोट वर. मेहुणी म्हणायची, "अहो, खाली घ्या हात. पेशंट नाही तुम्ही."

तर ह्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली. खुशीत होता गडी. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली, आता स्वतःचा विभाग. मेहुणीनं शिकवण्या बंद केल्या, जोडलेली माणसं मागे सोडली, बिऱ्हाड आवरायला घेतलं. आणि मुंगी. मुंगी म्हणजे त्यांची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मुंगी. तिला कुशीत घेतल्याशिवाय ह्याला झोप यायची नाही. उलटं असतं ना सगळीकडे? लेकरू बापाशिवाय झोपत नाही. इथं बाप झोपायचा नाही.

एका रविवारी तिघंही घर बघायला गेले. दलाल स्कूटरवर पुढे, ही तिघं रिक्षात मागे. आणि ह्याच्या हातात काय, तर आवाज मोजायचं यंत्र. माणसं पाण्याची चौकशी करतात, शाळेची करतात, हा खिडकीत यंत्र धरून उभा.

बाजाराजवळचं एक घर त्यानं दारातूनच नापास केलं. दुसरं बसडेपोच्या समोर. तिथं मेहुणीचा जीव जडला. समोरच शाळा, खाली बाया गप्पा छाटत उभ्या, आणि पाच मिनिटांत मुंगीला जिन्यात मैत्रीणसुद्धा मिळाली. ह्यानं यंत्र धरलं आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"इथं माणूस झोपणार कसा?"

"मी झोपेन. मुंगी झोपेल. तुम्ही कानात बोळे घाला."

"अगं, दिवसभर लोकांचे कान सांभाळायचे. रात्री माझ्या कानांना सुट्टी नको?"

तिनं पुष्कळ सांगून पाहिलं. पण कानाचा विषय निघाला, की हा कुणाला जुमानत नाही. मग दलालानं तिसरं घर दाखवलं.

एका बाजूनं बंद गल्ली. दोन्हीकडे एकमजली, दुमजली घरं, स्वच्छ, रंग दिलेली. रस्त्यावर कुत्रं नाही. तारेवर पाखरू नाही. ह्यानं यंत्र वर धरलं आणि त्याला वाटलं बॅटरी गेली. टिचकी मारली, टाळी वाजवली, तेव्हा आकडा हलला. यंत्र ठीक होतं. दलाल हसत म्हणाला, "साहेब, इथं भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात." म्हणाला खरा, पण लगेच जाऊन त्यानं स्कूटर चालू केली. ही तिघं निघेपर्यंत गल्लीच्या तोंडाशीच फटफटत ठेवली.

मेहुणी इकडेतिकडे बघत होती. म्हणाली, "अहो, इथली पोरं कुठे आहेत?"

"असतील घरात. अभ्यास करत असतील."

"रविवारी संध्याकाळी? सगळी?"

ह्यानं यंत्र पिशवीत टाकलं. त्याचं घर ठरलं होतं.

नोव्हेंबर संपता संपता सामान आलं. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वरचा मजला रिकामा, कुलूपबंद. पहिल्या दिवशी अंधार पडायला लागला आणि गल्लीतल्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मग एका घरातून घरघर सुरू झाली. मग दुसऱ्या. मग समोरच्या. पंखे! बाहेर स्वेटर घालावा अशी थंडी, आणि ही मंडळी खिडक्या लावून पंखे सोडून झोपणार. कानवाल्याला हसू आवरेना.

शेजारीण तेवढ्यात आली. पन्नाशीची बाई, अंगावर शाल. दारातच उभी राहिली, आत काही आली नाही.

"दादा, रात्री पंखा लावून झोपत जा."

"थंडीत हो, ताई?"

"वरून जाड पांघरूण घ्या. पण लावा. खडखड करणारा असेल तर फारच बरं." मग मुंगीकडे बघून म्हणाली, "लेकरू आहे घरात…"

"का हो? काय झालं?" मेहुणीनं विचारलं.

बाईनं तोंड उघडलं. मुंगी तिच्याकडे टकामका बघत होती. बाईनं तोंड मिटलं. "डास असतात," म्हणाली आणि गेली.

थंडीत डास! ह्यानं जेवताना तिची नक्कल करून मुंगीला खो-खो हसवलं. रात्री मेहुणीनं गुपचूप पंखा लावला. ह्यानं उठून बंद केला. "मुंगीला सर्दी होईल." आणि अंथरुणावर पडून म्हणाला, "बघ, काय शांतता आहे! ही ऐकायला नशीब लागतं."

दोन-तीन दिवस छान गेले. मग एका रात्री अर्धवट झोपेत ह्याला आवाज आला. कुणीतरी ओठ मिटून एकच सूर धरावा, तसा. बारीक. उजव्या अंगानं, भिंतीकडून आला आणि थांबला.

ह्याचं बोट वर झालं.

झोपेतच. सवयच ती. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा तोच सूर, थोडा आणखी बारीक. पुन्हा बोट. सकाळी उठल्यावर ह्याला वाटलं, स्वप्नातही नोकरी करतोय आपण. मेहुणीला सांगितलं, दोघंही हसले.

दुसऱ्या रात्री पुन्हा. ह्या वेळी हा पक्का जागा होता. उठून नळ पाहिले, फ्रीज बंद केला, भिंतीला कान लावला. भिंत मुकाट. अंथरुणावर आडवा झाला, की सूर. मध्ये थोडी थांबायची जागा, मग सूर, आधीपेक्षा बारीक. आणि ती थांबायची जागा त्याच्या ओळखीची होती. कधी लांब, कधी आखूड. पेशंटनं अंदाजानं बोट वर करू नये म्हणून मुद्दाम अशीच ठेवायची असते. तो स्वतः ठेवतो तशी.

कुणीतरी त्याचा कान तपासत होतं.

तू विचारतोयस ना, त्याच दिवशी घर का नाही सोडलं? मीही विचारलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "दादा, मला भीती वाटायच्या आधी गंमत वाटली." इतका बारीक आवाज त्यानं त्या अस्तराच्या खोलीतसुद्धा कधी ऐकला नव्हता. चाळिशी उलटलेला माणूस, कान उतरणीला लागायचं वय, आणि ह्याला रोज रात्री कालच्यापेक्षा बारीक ऐकू येतंय! त्याला फुशारकी वाटली. बघू तर खरं आपली हद्द कुठे आहे ते. म्हणून तो जागा राहायचा. सूर आला की मुद्दाम, नीट, बोट वर करायचा. बायकोला बोलला नाही. मुंगीला मात्र उजव्या कुशीत घेऊन झोपायचा, रोजच्यासारखा. भिंत आणि तो, यांच्या मधे ती.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं का? तुम्ही-आम्ही डोक्यावरून पांघरूण ओढलं असतं. देव आठवला असता. पण हा कानवाला. ह्याला परीक्षेत नापास व्हायचं नव्हतं.

हळूहळू मात्र गंमत गेली. एका रात्री ह्यानं ठरवलं, बस झालं, बोट वर करायचं नाही. हात पाठीखाली दाबून पडून राहिला. सूर आला. हा हलला नाही. तरी पुढचा सूर बारीकच झाला. बोटाची गरजच नव्हती. ह्याला ऐकू आलं, हे तिकडे कळत होतं. आणि डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार? भीती वाटली ती तेव्हा. सकाळी तो शेजारणीकडे गेला. म्हणाला, "ताई, तो आवाज…" तिनं झटकन त्याच्या तोंडासमोर हात धरला.

"तुम्ही ऐकलात?"

"हो."

"आणि त्याला कळलं?"

ह्यानं मान डोलावली. बाईनं दाराची कडी धरली. मग म्हणाली, "आता पंख्याचा काय उपयोग…" आणि दार लावून घेतलं. हळूच. त्या गल्लीत दारं हळूच लागायची.

हा हॉस्पिटलात जाऊन कामाला लागला. डोकं ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी दलालाला फोन करून दुसरं घर बघायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात हलू, असं ठरवलं. एक आठवडा, दादा, एकच आठवडा, असं म्हणत तो माझ्यासमोर रडला आहे.

चार वर्षांपूर्वीचा डिसेंबर. तिसरा शनिवार. रात्रीचे दोन वाजून गेले होते. अमावास्या वगैरे नव्हती, भुताच्या गोष्टीत असते तशी. खिडकीतून चांगलं चांदणं आत आलं होतं. पंखा फुल चालू. मेहुणीनंच लावला होता. तरी त्या घरघरीच्या खालून सूर येत होता. बारीक. आणखी बारीक. केसाएवढा.

मग थांबला.

हा वाट बघत राहिला. काही नाही. नुसता पंखा. बराच वेळ गेला. काही नाही…

संपलं, ह्याच्या मनात आलं. माझी हद्द आली. यापुढचं मला ऐकू येत नाही. सुटलो. त्याचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी त्यानं मोकळा श्वास घेतला आणि मुंगीला जवळ ओढायला तो कुशीवर वळला.

चांदणं तिच्या अंगावर होतं. डोळे मिटलेले. श्वास संथ.

बोट वर.

…

खाली आलं.

ह्यानं कान दिला. जिवाच्या आकांतानं कान दिला. काही नाही. पंखा.

पुन्हा बोट वर.

ह्यानं तिची मूठ आपल्या मुठीत धरली. घट्ट. आतून ते एवढंसं बोट त्याच्या तळव्याला टोचलं. वर यायला बघत होतं. थांबलं. पुन्हा टोचलं. ह्यानं दोन्ही तळवे तिच्या कानांवर दाबले. बोट वर. उशी दाबली. बोट वर. इतक्या माणसांचे कान तपासले, मशीन कसं बंद करायचं ते माहीत, हेडफोन कुठून काढायचे ते माहीत. इथं काढणार काय? त्याला तर ऐकूसुद्धा येत नव्हतं. ज्याच्यापासून लेकीला वाचवायचं, ते आहे कुठे हेच कळत नव्हतं.

मेहुणी जागी झाली. "काय करताय? गुदमरेल ती!"

ह्यानं नुसतं बोटाकडे दाखवलं.

तिनं काही विचारलं नाही. आई ती. मुंगीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि अनवाणी बाहेर. हा मागोमाग.

गल्लीत चांदणं. दोन्हीकडून घरघर, घरघर. ह्यानं शेजारणीचं दार बडवलं. लाथा मारल्या. हाका मारल्या. समोरचं बडवलं. त्याच्या पलीकडचं बडवलं. एक दार उघडेल तर शपथ. इतके पंखे… कुणाला ऐकू जाणार? मग त्याला खिडकीच्या काचेमागे शेजारीण दिसली. उभी होती. त्याच्याकडेच बघत होती. दोन्ही हात कानांवर गच्च. तोंड वेडंवाकडं झालेलं. रडत होती ती. तशीच उभी राहिली. हलली नाही.

हे पळाले. मुंगीची मान आईच्या खांद्यावर लटकत होती. हात मागे लोंबत होता. आणि मागून पळणाऱ्या ह्याला दिसत होतं… बोट वर. खाली. वर. खाली. आता थांबायच्या जागा फार लांब. फार लांब…

गल्लीच्या तोंडाशी मुंगी बोलली. झोपेतच. अगदी शहाण्या मुलीसारखी.

"हो. येतंय ऐकू."

आणि हात सैल पडला.

बस. पुढे काही नाही. हमरस्त्यावर एक ट्रक भोंगा वाजवत गेला, मुंगी दचकून जागी झाली आणि भोकाड पसरलं. मेहुणी सांगते, त्या भोकाडाइतकं गोड तिनं आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. उजाडेपर्यंत तिघं बसडेपोच्या बाकावर बसून होती, गाड्यांच्या धुरात, माणसांच्या गर्दीत. हा परत त्या घरात गेला नाही. सामान मी जाऊन आणलं. भर दुपारी. मला काही ऐकू आलं नाही आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही, गाणी म्हणत पेट्या भरल्या.

डेपोसमोरचं ते घर अजून रिकामं होतं. तिथंच राहतात. मेहुणी आणि तिथल्या बाया गप्पा छाटतात, मुंगीची मैत्रीण त्याच जिन्यात आहे. सगळं छान म्हणायचं, एवढंच की दोन-तीन दिवसांत मेहुणीच्या लक्षात आलं, उजवीकडून हाक मारली तर मुंगी डावीकडे बघते.

ह्यानं स्वतः तपासलं तिला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्या खोलीत तिला बसवलं, एवढ्याशा डोक्यावर ते मोठे हेडफोन. आधी उजवा. आवाज सोडला. काही नाही. वाढवला. काही नाही. वाढवत गेला, वाढवत गेला, मशीनचं शेवटचं टोक आलं. त्या आवाजानं माणूस खुर्चीतून उडतो. मुंगी काचेतून बापाकडे बघून हसत होती, बोट मांडीवर तयार ठेवून. म्हणाली, "बाबा, सुरू करा ना." ह्यानं तिथंच डोकं टेकलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. पडदा ठीक, आतली नस ठीक, सगळं ठीक. कान अगदी निरोगी, फक्त ऐकत नाही, असं म्हणून त्यांनीही हात टेकले. डावा मात्र उत्तम आहे. हा म्हणतो, डाव्यापर्यंत पोचायच्या आत आम्ही निघालो. तेवढ्यावर तो समाधान मानतो, आणि काय करणार बिचारा?

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. रात्रभर खाली गाड्या येतजात होत्या, मला काही डोळ्याला डोळा लागेना. पाणी प्यायला उठलो, तर मेहुणी मुंगीच्या उशाशी बसलेली. मुंगी डाव्या कुशीवर, उजवा कान वर. मेहुणी मला खुणेनं म्हणाली, गप्प. मग हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं, नळ सोडला. आणि त्या पाण्याच्या आवाजात बोलली.

"चार वर्षं झाली, भाऊजी, ती उजव्या कुशीवर झोपतच नाही. मी वळवते, ती झोपेतच परत वळते. परवा मी विचारलं तिला, का गं, त्या कानावर झोपलीस तर दुखतं का? म्हणाली, नाही."

"मग?"

मेहुणीनं नळ आणखी मोठा सोडला.

"म्हणाली, तो कान उशीत दबला, की त्याला आपलं बोलणं ऐकू येत नाही."

कुणाला, ते तिनं मुलीला विचारलं नव्हतं. मीही तिला विचारलं नाही.